वखारीतलं माहेर

भागाबाईला कुणी म्हातारी म्हटलेलं अजिबात खपत नसे. आणि राहायची कुठे, तर म्हाताऱ्यांच्या वखारीत! नवखा कुणी आला आणि त्यानं "काय आजी, बरं आहे ना?" असं विचारलं, की ती कमरेवर हात ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "आजी व्हई तुनी माय." पाहुणा गोरामोरा व्हायचा आणि ओट्यावर बसलेली सगळी बोळकी तोंडं खदखदून हसायची.

ही वखार अमळनेरहून तापीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होती. मुळात ती कापसाची. कुणा व्यापाऱ्यानं बांधली, पुढे त्याचा धंदा बसला आणि वखार ओस पडली. मग ती क्लासन साहेबानं घेतली. हा साहेब मेनोनाइट पंथाचा. ख्रिस्ती लोकांतलाच हा एक लहानसा पंथ. साधं राहावं, हत्यार धरू नये, शपथ घेऊ नये आणि खोटं बोलू नये, असा त्यांचा बाणा. त्यातलं शेवटचं तर साहेबाच्या इतकं अंगी भिनलेलं, की भाकरी करपली असली तर तो करपली म्हणूनच सांगायचा आणि वर ती मुकाट्यानं खायचा. आसपासच्या गावांनी क्लासनचा 'किसन' कधी केला ते कुणालाच कळलं नाही. साहेबानं दोन-तीन वर्षं लोकांना दुरुस्त करून पाहिलं, मग नाद सोडला.

एकोणीसशे अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि घरंच्या घरं बसली. तरणीताठी गेली, म्हातारी मागे उरली. साहेबाकडे औषधाला आलेली दोघं-तिघं बरी झाली तरी घरी जाईनात, कारण जायला घर होतं पण घरात माणूस नव्हतं. साहेबानं वखार झाडून घेतली, भिंतींना चुना फासला, चार बाजा टाकल्या. एवढ्यावर सुरुवात झाली. जोराचा वारा सुटला की भिंतींच्या फटींतून जुना कापूस निघायचा आणि म्हाताऱ्यांच्या डोक्यावर बसायचा. तो मुळातच पांढऱ्या केसांत दिसायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे बावीस-पंचवीस वर्षांत त्या चार बाजांची केवढी संस्था झाली! शेजारी दुसरी इमारत उठली, आजाऱ्यांसाठी खोल्या झाल्या, विहीर झाली, गोठा झाला. धुळ्यापासून जळगावपर्यंतची माणसं तिथे येऊन राहू लागली. मिशनचे लोक लांबलांबून पाहायला येत आणि विचारत, ही एवढी वाढली कशी? साहेब चुलीकडे बोट दाखवायचा. चुलीपुढे भागाबाई असायची. ती पदराला हात पुसत यायची आणि वखारीचं माहेर कसं झालं ती गोष्ट सांगायला बसायची, आणि मग पाहुण्यांची गाडी चुकली तरी तिला त्याचं सोयरसुतक नसायचं.

गोष्ट सुरू व्हायची ती तिच्या पुतण्यापासून. भागाबाईचा नवरा लोटन मानमोडीत गेला. मुलगा नव्हता. एक मुलगी, मंजुळा, तिचं लग्न होऊन गेलेलं. शेत आणि घर पुतण्याकडे, भटूकडे आलं. भटूनं काकूला घराबाहेर काढलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं बोललं पाहिजे. त्यानं आधी तिची चूल वेगळी केली. मग ती चूल ओसरीवर आणली. मग अंगणात ठेवली. पावसानं चूल विझली तेव्हा भागाबाईनं ओळखलं, की पुढची जागा आता रस्त्यावरच. तिनं गाठोडं उचललं आणि चालत वखार गाठली.

"माले कोनी नही," तिनं साहेबाला सांगितलं. "एक आंडेर शे, पन आंडेर दियी म्हंजे ती दुसराना घरनी."

आंडेर म्हणजे लेक, हे साहेबाला तोवर कळायला लागलं होतं. त्यानं तिला बाज दाखवली. भागाबाईनं बाज नंतर पाहिली, आधी स्वयंपाकघर पाहिलं. तिथे साहेबाची बायको, मडमबाई, एका मोठ्या पातेल्यात मीठ नसलेली पेज ढवळत होती आणि चार म्हातारी माणसं ताटल्या घेऊन रडवेल्या तोंडानं बसली होती. भागाबाईनं मडमेच्या हातातला डाव प्रेमानं काढून घेतला आणि तिला बाहेर सावलीत बसवलं. त्या दिवसापासून चूल भागाबाईची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर झणझणीत ठेचा, आणि ज्यांना दात नाहीत त्यांना भाकरी रशीत कुस्करून. मडमेला राग आला का, असं लोक विचारत. छे, ती तर सुटलीच.

वखारीत सगळ्यांत जुना होता तो तोताराम आबा. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. आता वखारीची गाडी आणि बैलजोडी त्याच्याकडे होती. जीभ अशी चालायची की बैलसुद्धा कान हलवून दाद द्यायचे. त्याला विचारलं, आबा तुमच्या घरी कोण कोण, तर तो म्हणायचा, "दोन बैल. दोन्ही मना सारखाच शाने." यापलीकडे त्यानं कधी काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आता या सुखाच्या संसारात भटूनं कसा बिब्बा घातला ते ऐका. वखारीत पोटभर जेवण मिळतं ही बातमी त्याच्या कानावर गेली, आणि त्याला काकूची आठवण अनावर झाली. तो भेटायला आला, सोबत आणखी दोघं भाऊबंद घेऊन आला, आणि आठवडाभर काकूच्या पायाशी बसून जेवला. गेला तेव्हा तोताराम आबाची घोंगडीही त्याच्याबरोबर गेली. साहेब खोटं बोलत नसला तरी भोळा नव्हता. त्यानं नियम केला, वखारीत कुणाच्याही नातलगानं मुक्काम करायचा नाही. भागाबाईची मान शरमेनं खाली गेली. नियम तिच्याच पुतण्यामुळे झाला होता, आणि त्या नियमाचा फटका तिलाच बसणार होता.

कारण मंजुळा.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. वैशाखातल्या उन्हात सगळी गावं अशी हलतात, की या गावच्या सुना त्या गावी लेकी होतात आणि त्या गावच्या या गावी. झाडाझाडांना झोके, घराघरांत मांडे आणि आमरस, आणि कामाला हात लावायचा नाही. पण लेकीनं आपणहोऊन यायचं नसतं. माहेरचा माणूस गाडी घेऊन आणायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला तर सासू पाठवते. नाही आला तर सून घरात राहते, आणि घरी आलेल्या नणंदांना वाढते.

मंजुळाचं सासर तापीच्या पलीकडे, शिरपूरच्या अंगाला, उंबरपाड्याला. नवरा सुपडू चांगला होता, पण आईसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. बाप होता तोवर दर आखाजीला लोटन जायचा. तो गेल्यावर कुणीच गेलं नाही. भागाबाईनं भटूला हातापाया पडून सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, "काकू, तू मिशनमा गयी. आते तुनी पोर आम्हनी कोन?"

मंजुळाची खबर आणायचा तो भाईदास कासार. बांगड्या भरायला गावोगाव फिरायचा. नियम झाल्यावर पुढच्या होळीनंतर तो वखारीवर पाणी प्यायला थांबला आणि त्यानं सांगितलं ते ऐकून भागाबाईच्या हातची भाकरी तव्यावर तशीच राहिली. मागच्या आखाजीला गल्लीतल्या सगळ्या सुना गेल्या. मंजुळा एकटी विहिरीवरून पाणी आणत होती आणि झोक्यावरच्या पोरी तिला पाहून गाणं थांबवत होत्या. तिची सासू भिकुबाई चारचौघींत म्हणाली होती, "इले माहेर शे कोठे? माहेर ऱ्हातं तर मुऱ्हाळी येता."

"आनि मंजुळा काय बोलनी?" भागाबाईनं विचारलं.

"काहीच नही, अक्का," भाईदास म्हणाला. "पहिले वाटकडे देखे. आते देखत भी नही."

वाट पाहून रडणाऱ्या पोरीचं दुःख आईला पेलतं. वाट पाहणंच सोडलेल्या पोरीचं कसं पेलायचं? ही आखाजी चुकली तर आपली मंजुळा मनानं आपल्याला मेलेलीच धरेल, असं भागाबाईला वाटलं आणि ती चुलीपुढे बसून धूर नसताना डोळे पुसत राहिली. मंजुळाला आखाजीला वखारीत आणू का, असं तिनं साहेबाला विचारलं. साहेबाला वाईट वाटलं. पण नियम सगळ्यांना सारखा, असं तो त्याच्या पुस्तकी मराठीत म्हणाला. आणि शिवाय मुऱ्हाळी कोण जाणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गुड फ्रायडे आला. साहेबाच्या पंथात एक रीत होती. वर्षातून एकदा सगळ्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, हे त्यातून शिकायचं. एरवी साहेब, मडम आणि मिशनचे दोन-चार लोक आपापसांत ते करत. त्या वर्षी साहेबाच्या मनात आलं, की वखारीतल्या म्हाताऱ्यांचे पाय आपण का धुवू नयेत? दुपार कलली तसा तो पितळी परात, पाण्याचा तांब्या आणि खांद्यावर पंचा घेऊन ओट्यावर आला आणि सरळ तोताराम आबापुढे गुडघे टेकून बसला.

तोताराम आबानं पाय असे वर ओढून घेतले की तो बाजेवर उताणाच पडला.

"ओ सायेब! पाय जवाईना धुतस! या वयमा माले जवाई करतस का काय?"

पळापळ झाली. ज्यांना काठीशिवाय उठता येत नव्हतं तेसुद्धा उठले. साहेबाच्या हातून पाय धुवून घ्यायचे म्हणजे कुठल्या नरकात जागा मिळायची, या भीतीनं ओटा रिकामा झाला. साहेब बिचारा परातीपुढे एकटाच. त्याचा चेहरा इतका उतरला की भागाबाईला त्याची दया आली. ती चुलीपुढून उठली, बाजेवर येऊन बसली आणि लुगडं घोट्यापर्यंत वर घेऊन तिनं दोन्ही पाय परातीत ठेवले.

"धू," ती म्हणाली.

पायांना भेगा होत्या, भेगांत राख होती. साहेबानं ते नीट चोळून धुतले, बोटांच्या मधून पंचा फिरवून पुसले. भागाबाई आधी अवघडली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिचे पाय या आधी एकदाच कुणी धुतले होते. लग्नात, मांडवात. आई-बापानं, काका-मामांनी, सगळ्या माहेरच्या माणसांनी तिला आणि लोटनला पाटावर बसवून एकेकानं येऊन पाय धुतले होते. आणि हे आठवलं तशी ती डोळे पुसायची थांबली आणि तिनं साहेबाकडे टक लावून पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "लगीनमा पोरना पाय कोन धुस?"

साहेबानं बरीच लग्नं पाहिली होती. "मुलीचे आईवडील. काका. मामा."

"म्हंजे माहेरना मानसे. मंग तू मना पाय धुया, तर तू मना कोन झाया?"

साहेब पंचा पिळायला लागला. भागाबाईनंच उत्तर दिलं.

"भाऊ झाया. मना भाऊ म्हंजे मनी मंजुळाना मामा. मामा मुऱ्हाळी जास. आखाजीले गाडी जुपीसन तू जाय."

त्या क्षणापासून तिनं साहेबाला जे 'तू' म्हणायला सुरुवात केली ते पुढे कायम. भावाला कुणी तुम्ही म्हणतं का? साहेबानं तिला समजावलं, की ही त्यांच्या धर्माची रीत आहे, ती नात्यासाठी नसते. भागाबाईनं विचारलं, मग कशासाठी असते? साहेब म्हणाला, प्रेमासाठी, सेवेसाठी, आपण सगळे एका घरचे आहोत हे लक्षात राहावं म्हणून. "तेच तं मी सांगी राहिनू," भागाबाई म्हणाली. मग साहेबानं नियमाची आठवण करून दिली. त्यावर ती म्हणाली, नियम पाहुण्यांना आहे. घरची लेक पाहुणी कधीपासून झाली? शेवटी साहेब म्हणाला, तुमच्या सणात मी पूजा करणार नाही. "तुले पूजा कोन सांगस? तू गाडीमा बस!"

साहेब उठून विहिरीकडे गेला. तिथे मडम कपडे धूत होती. दोघं त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलत होती आणि भागाबाई दारातून पाहत होती. शब्द एक कळत नव्हता. पण एका क्षणी मडम साबणाचे हात हवेत धरून इतकी हसली की तिला बसावं लागलं, आणि मग काहीतरी एकच वाक्य गंभीरपणे बोलली. साहेब खाली मान घालून परत आला.

"आखाजीच्या किती दिवस आधी निघावे लागते?" त्यानं विचारलं.

मुऱ्हाळ्याबरोबर आईनं जायची रीत नाही. पण भागाबाईला साहेबाच्या खरं बोलण्याची धास्ती होती. हा तिथे जाऊन काहीतरी खरं बोलेल आणि सगळं मुसळ केरात जाईल, या भीतीनं ती गाडीत चढली. मी गाडीतून उतरणार नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं. मंजुळाला अजून मूलबाळ नव्हतं, आणि लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीही प्यायचं नसतं, म्हणून तिनं आपलं पाण्याचं मडकं बरोबर घेतलं. गाडी हाकायला तोताराम आबा. उजाडता उजाडता निघाले. साहेब टोपी घालून ताठ बसलेला, मांडीवर मडमेनं दिलेली सांजोऱ्यांची दुरडी. सांजोऱ्या भागाबाईनंच केल्या होत्या, पण मडमेनं त्यातल्या काही वळल्या होत्या आणि त्या कुठल्या हे लांबूनही ओळखू यायचं. तापीला उन्हाळ्यामुळे पाणी गुडघाभर होतं. बैल मजेत पार झाले. वाटेत दुसरे मुऱ्हाळी भेटत होते आणि साहेबाला पाहून गाड्या थांबवत होते. तोताराम आबा प्रत्येकाला सांगत होता, "मामा शे! मामा!" आणि साहेब दर वेळी तोंड उघडून मिटत होता.

उंबरपाड्याच्या गल्लीत गाडी थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीमागे अर्धं गाव. भिकुबाई अंगणात कुरडया उलथत होती. तिनं साहेबाला पाहिलं, गाडीत पदराआड बसलेल्या विहीणबाईला पाहिलं, आणि सगळं एका दमात ओळखलं.

"काय काम काढं, सायेब?"

"मंजुळाला आखाजीसाठी न्यायला आलो आहे," साहेब म्हणाला. "मुऱ्हाळी म्हणून."

"तुम्ही तिना कोन?"

गाडीत भागाबाईनं डोळे मिटून घेतले.

"मामा म्हणून आलो आहे."

"सग्गा मामा?"

"नाही."

"चुलत?"

"नाही."

गल्ली हसली. भिकुबाई पुढे सरसावली. बाई कडक होती, पण तिचंही अगदीच चूक नव्हतं. परक्या माणसाबरोबर सून पाठवायची तर चार लोक उद्या तिलाच विचारणार. "मंग तापीमायनी शपथ ल्या," ती म्हणाली. "बठ्ठासमोर सांगा का मी इना मामा शे. मी आत्ते धाडी देस."

एवढंच तर हवं होतं! एक शपथ, आणि पोर गाडीत. तोताराम आबानं मागे वळून साहेबाला डोळ्यांनी खुणावलं. भागाबाई मनातल्या मनात म्हणाली, घे रे बाबा, घे, तापीमाय रागवायची नाही.

"मी शपथ घेत नाही," साहेब म्हणाला. "आमच्यात घेत नाहीत. रक्ताचा मामा नाही, तर आहे असे सांगता येणार नाही."

"मंग जा मांगे," भिकुबाई म्हणाली आणि कुरडयांकडे वळली.

घराच्या दारात मंजुळा उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. भागाबाईनं तिला पाहिलं. पोर अर्धी झाली होती. आईची नजर भेटली तरी ती रडली नाही, हसली नाही, नुसती आत जायला वळली. भागाबाईला वाटलं आपण इथेच गाडीत मरावं.

तेवढ्यात साहेब गाडीकडे आला. त्यानं काही विचारलं नाही, भागाबाईच्या मांडीजवळचं मडकं उचललं आणि तो परत अंगणात गेला. टोपी काढून त्यानं ओट्यावर ठेवली आणि मंजुळापुढे भर उन्हात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले.

"बाळ, पाय पुढे कर," तो म्हणाला.

मंजुळा घाबरून सासूकडे पाहायला लागली. सासूही पाहतच राहिली. साहेबानं वखारीतून आणलेलं पाणी मंजुळाच्या पायांवर ओतलं आणि आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही पाय धुतले. पुसायला पंचा नव्हता, तर गळ्यातला रुमाल सोडून पुसले.

"मी हिच्या आईचे पाय धुतले आहेत," तो उठून म्हणाला. "आता हिचे धुतले. तुमच्याकडे पाय धुणाऱ्याला जे काही म्हणत असतील, ते मी आहे."

पहिल्यांदा बोलली ती शेजारची एक म्हातारी. "मायवं, मामाबिगर कोन धुस पाय?" मग दुसरी बोलली, मग सगळ्याच. आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. सुपडू पुढे आला, आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माय, मी तिनं गाठोडं आनस." एवढंच. पण भिकुबाईनं पोराकडे असं पाहिलं, जणू घरातला खांबच बोलला. तिनं दोन पावलं मागे घेतली, तोंडाला पदर लावला, आणि थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"जा वं बाई," ती मंजुळाला म्हणाली. "असा मामा माले ऱ्हाता तं मी भी जाती."

मडकं रिकामं झालेलं. तापीपर्यंत भागाबाईला पाण्याचा थेंब मिळाला नाही आणि तिला तहान लागल्याचं लक्षातही आलं नाही. मंजुळा तिच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती आणि भागाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत, "रड, रड, बठ्ठं रडी ले," असं हसत हसत म्हणत होती. साहेब दुरडीतली एक वेडीवाकडी सांजोरी खात होता. कशी झाली असं तोताराम आबानं विचारलं, तेव्हा कच्ची राहिली आहे, असं त्यानं खरं ते सांगितलं.

वखारीवर पोचले तर दारातल्या लिंबाला झोका बांधलेला. मडमेनं आणि म्हाताऱ्यांनी मिळून बांधला होता, एक बाजू वर, एक बाजू खाली. मांड्यांसाठी खापर घासून ठेवलेलं होतं, पाटीत आंबे होते. सगळ्या म्हाताऱ्या ओट्यावर ओळीनं बसलेल्या. आता पोर झोक्यावर बसणार, गाणं म्हणणार, आपण पाहणार! पण मंजुळानं पाय धुतले, चार घास खाल्ले, आईच्या बाजेवर जरा टेकली आणि बसल्या जागी झोपली. माहेरी आलेली लेक आधी झोपते. सासरी तिला कुणी उठवण्याआधी उठावं लागतं ना? इथे कुणी उठवणार नाही, हे अंगाला कळलं की ते आपोआप आडवं होतं.

भागाबाई उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. कुणी खोकलं की त्याच्याकडे डोळे वटारत होती. झोका तसाच लोंबकळत राहिला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. साहेब बैलांना पाणी दाखवून आला आणि चवड्यांवर चालत ओट्याच्या कडेला बसला. तोताराम आबा खांबाला टेकून झोपलेल्या मंजुळाकडे पाहत उभा होता.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "मनी भी एक आंडेर शे."

भागाबाईचा वारा घालणारा हात थांबला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"जळगावले, मेहरूणमा दियेल शे," तो म्हणाला. जन्मभर दुसऱ्यांचे मुऱ्हाळी गाडीत घालून नेले आणि आणले. स्वतःची परिस्थिती खालावली तेव्हा घरात लेकीला वाढायला दाणा नव्हता. एक वर्ष गेला नाही, मग लाजेनं दुसऱ्या वर्षी गेला नाही. मग लेक आहे हे सांगायचीच लाज वाटायला लागली. हे सगळं त्यानं बैलांकडे पाहत सांगितलं. "तिना भी पाय धुशात का?"

वैशाखाचं ऊन, मेहरूणची वाट, नियम, असलं काही साहेबाच्या मनात आलं असेल तर ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही. "बैलांना आज विश्रांती देऊ," तो म्हणाला. "उद्या सकाळी आगगाडीने जाऊ. मुलीचे नाव काय?"

तोताराम आबानं तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. इतक्या वर्षांत ते त्यानं एकदाही उच्चारलं नव्हतं, बैलांपाशीसुद्धा नाही.

"इंदी," तो म्हणाला. "इंदिरा." आणि आपल्याच तोंडून ते ऐकून त्याला इतकं नवल वाटलं, की त्यानं ते आणखी एकदा म्हटलं, आणि मग अगदी मोकळ्या आवाजात, सगळ्या वखारीला ऐकू जाईल असं, "इंदिरा!"

"हळू बोल हो, आबा," भागाबाई डोळे पुसत त्याला दटावून म्हणाली. "मनी पोर निजेल शे."